दुर्बीण अष्टमीला लावा

कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी हल्ली काही ठिकाणी एक दुर्बीणही मांडलेली असते. रांग लागते, मुलं एकामागून एक डोळा लावतात आणि बहुतेक जण दोन-चार सेकंदांत डोळा चोळत बाजूला होतात. ‘कसा दिसला?’ असं विचारलं तर ‘मोठा’ आणि ‘पांढरा’ यापलीकडे कुणाला फारसं काही सांगता येत नाही. वर्षातून दोन-तीनदा ‘सुपरमून’च्या बातम्या येतात, त्या वेळीही हाच प्रकार होतो. सर्वात जवळच्या पौर्णिमेचा चंद्र सर्वात लांबच्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा व्यासानं सुमारे 14 टक्के मोठा असतो हे खरं, पण दोन्ही चंद्र शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय आकाशात नाही. आयोजकांचा उत्साह आणि लोकांचं कुतूहल या दोन्हींबद्दल आदर बाळगूनही म्हणावं लागतं, की दुर्बिणीतून चंद्र पाहायला पौर्णिमेइतका वाईट दिवस महिन्यात दुसरा नाही. दुर्बीण लावायची ती शुद्ध सप्तमी ते दशमीच्या दरम्यान, आणि त्यातही अष्टमीला. वरवर पाहता ही हौशी आकाशनिरीक्षकांची बारीकसारीक टीप वाटेल. पण शाळेत विज्ञान शिकवताना आपण काय गमावतो, याचं उत्तर या तिथीच्या निवडीत दडलेलं आहे.

कारण अगदी साधं आहे. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून चंद्रावर प्रकाश टाकतो. तिथल्या प्रत्येक डोंगराची सावली त्याच्याच मागे लपते आणि आपल्याला एकही सावली दिसत नाही. सावली नाही म्हणजे उंची-खोलीही नाही. आपल्या रस्त्यावरचे खड्डे भर दुपारी दिसत नाहीत आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एकेक मोजता येतात, तसंच हे आहे. अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमारेषा असते, तिच्या आसपास सूर्य नुकताच उगवत असतो. त्यामुळे शे-दोनशे मीटरच्या उंचवट्याचीही काही किलोमीटर लांब सावली पडते. प्रकाशाचा हिशेबही बोलका आहे. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा देतो. अर्ध्या चंद्रावर सावल्यांनी किती जागा व्यापलेली असते, याचा अंदाज या एका आकड्यावरून यावा. डोळे दिपवणारं तेज नसल्यामुळे माणूस नेत्रिकेपाशी मिनिटभर टिकतो, हा वेगळा फायदा.

अष्टमीला दिसतं काय? सीमारेषेच्या साधारण मध्यावर, किंचित दक्षिणेला, टॉलेमी, अल्फॉन्सस आणि अर्झाखेल ही तीन विवरं एकाखाली एक असतात. पहिल्याचा व्यास दीडशे किलोमीटरहून जास्त आणि तळ सपाट. दुसऱ्याच्या मध्यभागी एक टेकाड, ज्याच्या जवळपास अमेरिकेचं ‘रेंजर-9’ हे यान मार्च 1965मध्ये ठरवून आदळवलं गेलं. तिसरं त्या मानानं लहान, पण कडे चांगलेच उभे. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांच्या काठांवर ऊन पोचायला लागलेलं असतं आणि तळ मात्र काळाकुट्ट असतो. उत्तरेकडे ॲपेनाइन पर्वतरांग सीमारेषेपलीकडच्या अंधारात शिरलेली दिसते: पायथा अंधारात, माथे उजेडात, आणि म्हणून काळोखात सुटे पडलेले प्रकाशाचे ठिपके. इथे थोडा धीर धरायला हवा. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमारेषा ताशी सुमारे 15 किलोमीटर वेगानं सरकते. सहा-साडेसहाला टिपलेला एखादा ठिपका साडेआठला पुन्हा पाहिला तर तो वाढलेला असतो, त्याच्या शेजारी नवा ठिपका उगवलेला असतो. शंभर किलोमीटर व्यासाच्या विवरावर उजाडायला सहा-सात तास तरी लागतात. आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या एका जगात सूर्योदय चाललेला असतो, आणि तो पाहायला लागते ती फक्त एक लहानशी दुर्बीण आणि दोन तासांची सवड.

याच ठिपक्यांवरून गॅलिलिओनं चंद्रावरचे डोंगर मोजले. 1609च्या अखेरीस पदुआमध्ये, स्वतः घासलेल्या भिंगांच्या, सुमारे वीसपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून त्यानं ते पाहिले, आणि मार्च 1610मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘सायडेरियस नुन्शियस’ या छोट्या पुस्तकात त्यांचा हिशेब मांडला. काही ठिपके सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या हिश्श्याइतके आत अंधारात आहेत, असं त्याला आढळलं. आता चंद्राचं केंद्र, सीमारेषेवरचा बिंदू आणि डोंगराचा माथा हे तीन बिंदू जोडा. सीमारेषेवर सूर्यकिरण जमिनीला चाटून जातो, म्हणजे तिथे काटकोन होतो. एक बाजू चंद्राची त्रिज्या, दुसरी तिचा दहावा हिस्सा. कर्ण काढा, त्यातून त्रिज्या वजा करा, उरते ती डोंगराची उंची. गॅलिलिओचं उत्तर चार इटालियन मैलांहून जास्त आलं. आजच्या मोजमापांनुसार ते फुगलेलं आहे; ॲपेनाइनमधलं सर्वात उंच शिखर साडेपाच किलोमीटरच्या आतबाहेर भरतं. पण चंद्र हा गुळगुळीत, निर्दोष स्वर्गीय गोल असल्याच्या शतकानुशतकांच्या समजुतीला एका काटकोन त्रिकोणानं तडा गेला. आपल्याकडे दहावीच्या गणित भाग 2 मध्ये पायथागोरसच्या प्रमेयाला स्वतंत्र प्रकरण आहे. भिंतीला टेकवलेल्या शिडीची उदाहरणं मुलं वर्षभर सोडवतात. त्याच प्रमेयानं चंद्रावरचा डोंगर मोजता येतो, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. सांगितलंच, तर तो डोंगर दाखवत नाही.

गॅलिलिओच्या आधी चार-पाच महिने, 26 जुलै 1609ला, लंडनजवळ टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञानं दुर्बिणीतून पाहून चंद्राचं चित्र काढलं होतं. त्याची दुर्बीण सहापट मोठं दाखवणारी होती. चित्रात सीमारेषा वेडीवाकडी आहे, काही काळसर भाग आहेत, पण विवरं नाहीत आणि डोंगरही नाहीत. गॅलिलिओचं पुस्तक वाचल्यानंतर 1610मध्ये काढलेल्या त्याच्या चित्रांत मात्र विवरं अवतरतात. दुर्बिणीतला फरक होताच. पण कलेच्या इतिहासाचे काही अभ्यासक आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवतात: गॅलिलिओ फ्लोरेन्सच्या परंपरेत चित्रकला शिकलेला होता, सावलीवरून घडण ओळखायची त्याच्या डोळ्याला सवय होती. ज्या वेड्यावाकड्या रेषेत हॅरियटला नुसती वेडीवाकडी रेषा दिसली, तिच्यात गॅलिलिओला डोंगर दिसले. पाहणं हे शिकावं लागतं, याचा इतका स्वच्छ दाखला विज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडेल. आपल्या शाळांत चित्रकलेचा तास आणि विज्ञानाचा तास यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे, तिच्याबद्दलही यातून काही सुचायला हरकत नाही. अष्टमीच्या चंद्राचं पेन्सिलनं काढलेलं एक चित्र, कितीही ओबडधोबड असलं तरी, मुलाला पाच मिनिटं एका जागी नीट पाहायला लावतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेचं लूनार रिकनिसन्स ऑर्बिटर 2009पासून चंद्राभोवती फिरतं आहे, अर्ध्या मीटरपर्यंतचे बारकावे दाखवणारी त्याची छायाचित्रं फोनवर फुकट मिळतात. आपल्या चांद्रयानांचीही छायाचित्रं आहेत. त्यांच्यापुढे गच्चीवरची दुर्बीण ती काय? तपशिलाच्या बाबतीत आक्षेप शंभर टक्के खरा आहे. चार इंची दुर्बिणीला चंद्रावरची साधारण दोन किलोमीटरची वस्तू जेमतेम वेगळी ओळखता येते. (अमेरिकेचा झेंडा दिसतो का, हा अशा कार्यक्रमांतला हमखास प्रश्न. हबल दुर्बिणीलाही तो दिसत नाही.) पण छायाचित्र हा कुणीतरी आधीच काढलेला निष्कर्ष असतो. तो मान्य करायचा किंवा आजकालच्या रीतीप्रमाणे ‘एआयनं बनवलाय’ म्हणून उडवून लावायचा, एवढेच दोन पर्याय पाहणाऱ्याच्या हाती राहतात. दुर्बिणीपाशी तिसरा असतो: दोन तासांनी परत पाहायचं. ठिपका सरकला की नाही, सावली आखडली की नाही, हे ज्याचं त्याला तपासता येतं. चंद्रावर माणूस गेलाच नाही असं छातीठोक सांगणाऱ्या चित्रफिती घरोघरी पोचत असताना, स्वतः तपासून पाहण्याची एक तरी संधी प्रत्येक मुलाला मिळावी, ही मागणी फार मोठी नाही.

23 ऑगस्ट 2023ची संध्याकाळ आठवून पाहा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3चा ‘विक्रम’ लँडर चंद्रावर उतरला. इस्रोचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक पडद्यांवर चालू होतं, टीव्हीवर पाहणारे वेगळेच. ती निज श्रावणातली शुद्ध सप्तमी होती. त्या वेळी जवळजवळ अर्धा झालेला चंद्र दक्षिणेच्या आकाशात वर आलेलाही होता. उतरण्याची जागा, सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावरची, चंद्राच्या आपल्याकडच्याच बाजूला आहे. ढग नव्हते तिथे लहान दुर्बिणीतूनही तो दक्षिणेकडचा विवरांनी खच्चून भरलेला प्रदेश दिसू शकला असता. शिवाय उतरण्याचा मुहूर्त तोच का, याचं उत्तरही तिथेच होतं: त्या भागात नुकतं उजाडलं होतं, आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या विक्रमला आणि त्यातल्या ‘प्रज्ञान’ बग्गीला पुढचे चौदा दिवस ऊन मिळणार होतं. आलेखावरची हिरवी रेषा आपण श्वास रोखून पाहिली, टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. खिडकीबाहेर खुद्द चंद्र होता, त्याच्याकडे किती शाळांनी दुर्बीण वळवली? याचा कुठे हिशेब नाही, पण आपल्या आजूबाजूला विचारून पाहिलं तरी उत्तराचा अंदाज येतो.

दुसरा आक्षेप अधिक मुद्द्याचा आहे. नुसत्या पाहण्यानं सत्य कळतं हे कुणी सांगितलं? सावल्या फसवतातही. अष्टमीनंतर एक-दोन रात्रींनी चंद्राच्या दक्षिण भागात ‘सरळ भिंत’ नावाची सुमारे 110 किलोमीटर लांबीची काळी रेघ दिसते. कुणीतरी कडा ताशीव कापून ठेवला आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती काहीशे मीटर उंचीची उतरण आहे, माणूस सहज चढून जाईल इतपत. कललेल्या सूर्यानं तिची भिंत केली. विवरांचं तर याहून मोठं उदाहरण. दुर्बिणीचा शोध लागल्यापासून तीनशे वर्षं बहुतेक जाणकार चंद्रावरची विवरं ज्वालामुखींची मुखं मानत होते. 1892मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकी भूवैज्ञानिक वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या दुर्बिणीपाशी रात्रीमागून रात्री बसला. विवरांचे तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल आहेत, पृथ्वीवरच्या ज्वालामुखींसारखे डोंगरमाथ्यावर नाहीत, हे त्यानं हेरलं आणि आघाताचा पक्ष घेतला. गंमत म्हणजे ॲरिझोनामधलं खरंखुरं उल्काविवर पाहून याच गिल्बर्टनं ते वाफेच्या स्फोटानं झालं असावं असा कौल दिला होता! शिवाय तिरपा मारा झाला तर खड्डा लांबट व्हायला हवा, मग सगळी विवरं गोल कशी, हे कोडं त्यालाही नीट सुटलं नाही. प्रचंड वेगानं आदळणारा दगड जमिनीत रुतत नाही, त्याचा स्फोट होतो आणि स्फोटाचा खड्डा गोलच होतो, ही समज पुढे विसाव्या शतकात पक्की झाली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार याच वादाचं भावंड आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टच्या खडकात आहे, आणि भोवती सगळा ज्वालामुखीचा दख्खन पसरलेला असल्यामुळे तेही ज्वालामुखीचंच असावं, हा तर्क बराच काळ चालला. आघाताच्या दाबानंच तयार होणाऱ्या खुणा तिथल्या खडकांत सापडल्यावर 1973मध्ये तो निकालात निघाला. चंद्रावरचे काळसर ‘समुद्र’ही बेसॉल्टचेच असल्यामुळे चांद्रविवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. हेच लोणार उचलून चंद्रावर ठेवलं तर चार इंची दुर्बिणीच्या ताकदीच्या अगदी काठावर असेल: दिसलं तर एक बारीक खूण, नाही तर तेही नाही. तेव्हा, पाहण्यानं फसगत होते या आक्षेपाला माझं उत्तर असं, की होते, आणि म्हणूनच पाहायला हवं. भिंत खरोखर उभी आहे का, खड्डा कुणी केला, हे प्रश्न ज्याला डोळ्यांनी पडले नाहीत त्याला त्यांची उत्तरं पाठच करावी लागतात.

पैशांचा आणि सोयीचा मुद्दा उरतो. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुरेशा नसलेल्या शाळांना दुर्बीण घ्या म्हणणं सोपं आहे, हे मान्य. पण चंद्रासाठी फार मोठं काही लागतच नाही. गॅलिलिओपेक्षा चांगली परावर्ती दुर्बीण आज मध्यम दर्जाच्या स्मार्टफोनच्या किमतीत येते, आणि पाच-सात शाळांत मिळून एक असली तरी महिन्यातल्या चार तिथींना ती फिरवता येते. खोक्यावर ‘पाचशेपट’ लिहिलेल्या खेळण्यांच्या नादी मात्र लागू नये. चंद्राला पन्नास ते शंभरपट पुरे. पुण्यातली 1944पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईतलं खगोल मंडळ, गोव्यातली असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी अशा संस्थांकडे दुर्बिणी आहेत, माणसं आहेत आणि शिकवण्याची हौसही आहे. शहरातल्या झगझगाटामुळे आकाशगंगा दिसेनाशी झाली असेल, पण चंद्राला त्याचा काडीचाही त्रास नाही. दादरच्या गल्लीतून आणि मेळघाटातून तो सारखाच दिसतो. रात्री उशिरापर्यंत मुलांना, विशेषतः मुलींना, थांबवायचं कसं, ही पालकांची काळजी पौर्णिमेच्या बाबतीत खरी आहे, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि वर यायला रात्र होते. अष्टमीचा चंद्र दुपारीच उगवलेला असतो, दिवेलागणीला तो सर्वात उंच असतो. शाळा सुटल्यावर तासाभरात कार्यक्रम सुरू करून दोन-अडीच तासांत सगळे घरी.

पौर्णिमेचीही एक बाजू आहे. टायको विवरापासून निघून निम्म्या चंद्रावर पसरलेले पांढरे पट्टे पौर्णिमेलाच खुलतात, आणि चंद्रग्रहणाला दुसरी तिथीच नाही. कोजागरीचं दूध कुणी बंद करा म्हणत नाही. फक्त दुर्बीण आठवडाभर आधी, नवरात्रातल्या अष्टमीला काढावी. माणसं तेव्हाही जमलेली असतातच. संकष्टीला चंद्रोदयासाठी घरोघरी लोक गच्चीवर येतात, त्या चंद्राच्या उजव्या कडेला सूर्यास्ताच्या सावल्या असतात. तासभर थांबून तो वर चढू दिला तर तोही उत्तम. तिथीनुसार विज्ञानाचा कार्यक्रम ठरवणं काहींना खटकेल. पण तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं 12 अंशांचं अंतर, दुसरं काही नाही. अष्टमी 84 अंशांना सुरू होते, 96 अंशांना संपते, आणि चंद्र नेमका अर्धा होतो तो 90 अंशांना, म्हणजे अष्टमीच्या ऐन मध्यावर. स्वयंपाकघरात टांगलेली दिनदर्शिका हेच निरीक्षणाचं वेळापत्रक आहे. उलट 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा कार्यक्रम ठेवला, की त्या दिवशी चंद्र असेल, नसेल, कुठलाही असेल.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना एक विनंती. रथसप्तमीला अनेक शाळांत सकाळी सामूहिक सूर्यनमस्कार होतात. माघातल्या त्या संध्याकाळी आणि तिच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असतं, आणि वर्षाच्या या काळात अर्धा चंद्र महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे मधली हवा कमीत कमी असते. जवळच्या खगोलमंडळाला महिनाभर आधी कळवा. दुर्बीण गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर मांडू नका, त्या उष्णतेनं प्रतिमा थरथरते. मैदानात, मातीवर मांडा आणि अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवा. प्रत्येक मुलाला कागद, पेन्सिल आणि दोन पाळ्या द्या, एक अंधार पडताना आणि एक शक्य तितक्या उशिरा. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.